पागा, शिलेदार आणि पैनगंगेची हद्द : दख्खनच्या लष्करी घोड्यांचा इतिहास

पागे, पागनीस, शिलेदार, बारगीर, नालबंद ही आडनावे मराठी मुलखात सगळीकडे आढळतात. पागा म्हणजे सरकारी घोड्यांचा तबेला. तिचा हिशेब लिहिणारा तो पागनीस. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि घोड्याला नाल ठोकणारा तो नालबंद. एका प्राण्याभोवती इतकी आडनावे जमली, कारण त्या काळी घोडा हेच लष्कराचे मुख्य भांडवल होते. हे घोडे कोठून येत, कोण पैदा करी, त्यांचे पैसे कोण भरी आणि घोडा मेला तर नुकसान कोणाचे होई, याची माहिती आपल्या सभासदांसाठी येथे एकत्र केली आहे. आम्ही बँकेच्या नोकरीत आयुष्य काढले असल्यामुळे यातील देण्याघेण्याच्या बाजूकडे आमचे लक्ष जरा जास्त गेले आहे, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

आरंभीच सांगितले पाहिजे की आपला आदिलाबाद जिल्हा घोड्यांच्या पैदाशीचा प्रदेश नव्हे. घोड्याला कोरडी हवा, उघडे माळ आणि दगडगोट्यांची टणक जमीन मानवते. आपल्याकडची साग-बांबूची दाट जंगले, पावसाळ्यातली दमट हवा आणि चावऱ्या माश्या त्याच्या जिवावर उठतात. अशा माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग घोड्यांना हमखास मारतो. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली शोधला. म्हणून आपल्या भागात ओझ्याला बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे हीच खरी वाहतूक होती. तरीसुद्धा आपल्या जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द जशी आहे तशी आखली जाण्यात घोडदळाच्या पगाराचा मोठा वाटा आहे. तो प्रकार पुढे येईलच.

समुद्रावरून येणारा घोडा

दख्खनमध्ये देशी तट्टे पूर्वीपासून होती, पण जड हत्यारबंद स्वाराला घेऊन दौडेल असा उंच घोडा येथे तयार होत नसे. तो अरबस्तान आणि इराणमधून गलबतांत घालून आणावा लागे. चौल, दाभोळ, गोवा ही त्याची बंदरे. तेराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या मार्को पोलोने दक्षिणेतील राजे दरवर्षी हजारोंनी घोडे विकत घेतात, पण देखभाल नीट न झाल्याने त्यातले फार थोडे जगतात, असे लिहून ठेवले आहे. घोड्यांचे परदेशी व्यापारी नालबंदांना आणि घोड्यांच्या वैद्यांना इकडे येऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तरच पुढच्या वर्षी गिऱ्हाईक राहणार, असाही आरोप त्याने केला आहे. ठाण्याच्या राजाबद्दल तर त्याने मोठी गमतीची गोष्ट सांगितली आहे. समुद्रावरील चाच्यांशी राजाचा करार होता : लुटीतला बाकी माल चाच्यांचा, घोडे मात्र राजाचे.

पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलला उतरला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या घोड्यासाठी त्याने शंभर रूबल मोजले होते. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देतो, वर मोहराही देतो, असे सांगितले. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केल्यावर तो परत मिळाला आणि पुढे बिदरला विकला गेला. निकितिनने घोड्याच्या वर्षभराच्या खुराकाचा खर्चसुद्धा लिहून ठेवला आहे. बिदरजवळच्या आळंद येथे वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरतो आणि तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असेही तो सांगतो. आकडा ऐकीव असेल, पण बहमनी राज्यात घोडेबाजार किती मोठा होता याचा अंदाज त्यावरून येतो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा ज्या व्यापारांवर ताबा बसवला त्यात हा घोड्यांचा व्यापार होता. विजयनगर आणि विजापूर या दोघांनाही घोडे हवे असल्याने विकणाऱ्याच्या हाती मोठे राजकारण आले.

भीमथडीचे तट्टू

या आयात घोड्यांचा संकर देशी तट्टांशी होत गेला आणि भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत एक वेगळीच जात तयार झाली. हीच भीमथडी. थडी म्हणजे नदीकाठ. गोदावरीकाठच्या गंगथडीतही घोड्यांची पैदास होत असे. राजा बढे यांच्या गीतामुळे भीमथडीच्या तट्टांचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, पण ते तट्टू कसे असते हे थोड्यांनाच माहीत असते. उंचीला बेताचे, पायाने मजबूत, खुराने टणक, डोंगर चढायला-उतरायला तयार आणि मुख्य म्हणजे थोड्या चाऱ्यावर राहणारे. अरबी घोड्याला दाणा चुकला की तो खंगतो. भीमथडीचे तट्टू कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर आठवडे काढी. मराठ्यांच्या वेगवान चालीचे निम्मे श्रेय या तट्टाच्या पोटाला द्यावे असे आम्हाला वाटते.

पैदास मोठ्या तबेल्यांत होण्यापेक्षा घरोघरी जास्त होत असे. पाटील, देशमुख, शिलेदार आणि मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर घोड्या बाळगत. घोडी ओझे वाही, दर दीड-दोन वर्षांनी शिंगरू देई आणि शिंगरू तीन-चार वर्षांचे झाले की जत्रेत विकले जाई. गिऱ्हाईक मोहिमेवर जाणारा शिलेदार किंवा सरकारी पागा असे. रंग, चाल आणि अंगावरचे भोवरे पाहून किंमत ठरे. चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ समजला जाई, तर अशुभ जागी भोवरा असला की चांगल्या घोड्याचीही किंमत पडे. ज्याचा भोवऱ्यांवर विश्वास नसे त्याला घोडा स्वस्तात मिळे, हे ओघाने आलेच.

खुराकाबद्दल एक घरगुती गोष्ट. घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. दख्खनमध्ये चंदीला हरभरा, आणि दक्षिणेकडे हुलगे भिजवून किंवा शिजवून देत. म्हणूनच इंग्रजीत हुलग्याचे नाव घोड्यावरून पडले. आपल्याकडे तेलुगू शेजारी ज्याला उलवलू म्हणतात आणि आपण ज्याचे माडगे करतो, तेच हे धान्य.

पागेचा हिशेब

शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे. ही बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि त्यावर पंचहजारी व सरनोबत. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद. आम्हाला या रचनेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शेवटची नेमणूक. मार्को पोलोने ज्या गोष्टीची उणीव सांगितली होती तीच येथे तळाच्या तुकडीपर्यंत पोहोचवलेली दिसते. पाणी आणि नाल, या दोन गोष्टी वेळेवर मिळाल्या तर अर्धे घोडे वाचतात.

घोडदळ दोन प्रकारचे होते. पागेतल्या बारगिराचा घोडा, खोगीर, चंदी सगळे सरकारचे आणि बारगिराला पगार. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे, म्हणून त्याला मोबदला जास्त. वरवर पाहता शिलेदार सरकारला सोयीचा, कारण भांडवल त्याचे. पण घोडा मेला की शिलेदाराची उपजीविकाच गेली, म्हणून तो ऐन लढाईत घोडा जपण्याकडे पाहणार. बारगिराला ती चिंता नाही. शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण असे की ज्याच्या पदरी स्वतःचे शेकडो घोडे, तो सरदार उद्या मालकाशीच भांडू शकतो.

घोडा सरकारचा असला की हिशेबाची शिस्त लागतेच. राज्याभिषेकापूर्वी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नये, ही त्यातली आज्ञा सर्वांना ठाऊक असते. पण त्या पत्राचा बराच भाग वैरणीच्या हिशेबाचा आहे. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरावे. आता मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. तसेच कोणी वैरणीजवळ चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, हेही महाराजांनी लिहिले आहे. स्टॉक तपासणीला जाणारा कोणताही अधिकारी हे पत्र वाचून मान डोलावील.

पेशवाईत हे प्रमाण उलटे झाले. खाशांची हुजूर पागा पुण्यात होती. तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत १८८४ पासून मुलींची शाळा आहे. परंतु राज्य अटकेपर्यंत पसरल्यावर सैन्याचा मोठा भाग सरदारांच्या पथकांचा आणि शिलेदारांचा झाला. सरदाराला सरंजाम द्यायचा आणि त्याने ठरलेले स्वार हजर करायचे, असा व्यवहार. हजेरीला स्वार कमी भरले की ऐनवेळी कोणाचेही तट्टू उभे करायचे, ही युक्ती फार जुनी. ती रोखण्यासाठी अल्लाउद्दीन खिलजीपासून मोगलांपर्यंत घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत होती. मराठी हजेरीपटांतही घोड्याचा रंग आणि किंमत लिहिलेली असते. आपल्या भाषेतला खोगीरभरती हा शब्द याच जगातला आहे.

पानिपतावर १७६०-६१ च्या हिवाळ्यात जे झाले ते येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, पण त्याआधीच वैरण आणि दाण्याचा पुरवठा तुटल्याने घोडी मरत होती आणि उरलेली अशक्त झाली होती. शिलेदारांचे स्वतःचे भांडवल लढाईपूर्वीच संपले होते.

कंटिंजंट, पामरची पेढी आणि वऱ्हाड

आता आपल्या मुलखाकडे वळू. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या पुढाकाराने निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी राहिली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट. हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम ही तिची ठाणी होती. मोमिनाबाद हे तर खास घोडदळाचे ठिकाण.

हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. इंग्रजांनी आपला मराठी शिलेदार शब्द ‘सिलेदार’ करून संपूर्ण हिंदुस्थानभर नेला. भरती होणारा जवान घोडा घेऊन येई किंवा पलटणीत रोख अनामत भरी आणि पलटण त्याला घोडा देई. दरमहा पगारातून चंदा निधीत ठरावीक रक्कम कापली जाई. घोडा चाकरीत मेला तर त्या निधीतून नवा घोडा घेण्यास मदत मिळे. नोकरी सोडताना अनामत परत. आजच्या भाषेत मार्जिन मनी, मासिक हप्ता आणि परस्पर विमा हे तिन्ही एका पलटणीच्या वहीत होते. स्वाराच्या जागेला असामी म्हणत. ती विकत घेता येई, मुलाला देता येई आणि एकेकाकडे अनेक असामी असत. अशा वेळी तो स्वतः एका घोड्यावर बसे आणि बाकीच्यांवर बारगीर बसवी. सावकाराने रिक्षा घेऊन भाड्याने द्याव्यात तसाच प्रकार.

पण हा पगार यायचा कोठून? निजामाच्या तिजोरीतून तो वेळेवर निघत नसे. येथे विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीने प्रवेश केला. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी या पेढीला निजाम सरकारला कर्ज देण्याची परवानगी दिली. पेढीतील एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड यांचे लग्न हेस्टिंग्ज यांच्या आश्रयाखालील मुलीशी झाले होते, हे येथे लक्षात ठेवावे. पेढी फौजेचा पगार वेळेवर चुकवी आणि निजामाच्या खात्यावर चढवी. व्याज शेकडा १८ आणि त्याहून अधिक. तारण म्हणून जिल्ह्यांचा वसूल. १८२० मध्ये साठ लाखांचे मोठे कर्ज मंजूर झाले, त्यात जुनेच देणे नव्या नावाने घातले होते असा आक्षेप नवे रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांनी घेतला. थकीत खाते नवे कर्ज देऊन नियमित दाखवण्याची कला आमच्या पिढीत शोधली गेली असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने पेढीचे देणे भागवले आणि त्याबदल्यात उत्तर सरकार भागासाठी ती निजामाला देत असलेली वार्षिक पेशकश कायमची बंद झाली. पेढी त्यानंतर लवकरच बुडाली.

पेढी गेली तरी फौजेचा खर्च चालूच राहिला. आता कंपनीच पगार आगाऊ देऊ लागली आणि थकबाकी वाढत गेली. १८५३ च्या मे महिन्यात लॉर्ड डलहौसी यांच्या काळात निजाम नासिरुद्दौला यांच्याशी तह झाला. कंटिंजंटमध्ये किमान ५००० पायदळ, २००० घोडदळ आणि चार तोफखाने राहतील, आणि त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे मुलूख कंपनीच्या ताब्यात राहतील, असे ठरले. पायदळाच्या मानाने घोडदळ नेहमीच महाग पडते, कारण माणसाबरोबर एक जनावर पोसायचे असते. तेव्हा या थकबाकीत घोड्यांचा हिस्सा लहान नव्हता.

१८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. सालारजंग पहिले यांनी हयातभर त्यासाठी खटपट केली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. अशा रीतीने पैनगंगेच्या पलीकडचा यवतमाळ-वणीचा मुलूख एका कारभारात आणि अलीकडचे आपण दुसऱ्या कारभारात गेलो. तोपर्यंत नदीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य होते. त्यानंतर कायदे, शाळा, नाणे, कचेरीची भाषा सगळे वेगळे झाले. १९५६ च्या भाषावार रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. आपल्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भागही तिकडे जोडले गेले आणि उरलेले आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. लग्नाच्या सोयरिकी आजही नदी ओलांडून होतात आणि मुलामुलींच्या प्रमाणपत्रांवर मात्र दोन राज्यांची नावे असतात.

गिऱ्हाईक गेले

१९०३ मध्ये लॉर्ड किचनेर यांच्या पुनर्रचनेत कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले. तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स आणि ३० वी लान्सर्स या पलटणी झाल्या. हिंगोली आणि मोमिनाबादच्या छावण्या मोडल्या. आसपासच्या खेड्यांतील घोडीवाल्याला जवळचे गिऱ्हाईक राहिले नाही.

तसे पाहिले तर उतरण आधीच सुरू झाली होती. १८१८ नंतर सरदारांची पथके मोडल्यावर भीमाकाठची मागणी आटली. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा हे गाव आजही त्या जुन्या दिवसांचे नाव सांगते. इंग्रज लष्कराला आता उंच घोडे हवे होते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून जहाजांनी येणारे ‘वेलर’ घोडे मद्रास, कलकत्ता, मुंबईला उतरू लागले. देशी पैदास सुधारावी म्हणून सरकारने अरबी आणि विलायती वळू घोडे गावकऱ्यांच्या घोड्यांसाठी ठेवले, प्रदर्शने भरवून बक्षिसे दिली. पण उंची वाढवताना काटकपणा गेला. शेतकऱ्याला उंच घोडा पोसणे परवडेना आणि लष्कर लहान तट्टू घेईना.

पहिल्या महायुद्धात डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन हल्ला केला. निजामाचे हैदराबाद लान्सर्स हे जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सबरोबर पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन पुतळे याच तीन संस्थानांच्या स्वारांचे आहेत. लांबच्या युद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई पलटणीच्या चंद्यातून होणे शक्य नव्हते. महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत बंद झाली आणि घोडा सर्वत्र सरकारी झाला. डेक्कन हॉर्स आणि १८१७ मध्ये उभी राहिलेली पूना हॉर्स या दोन्ही पलटणी आज रणगाडे चालवतात, नाव तेवढे घोड्याचे आहे. लष्कराची घोडे-खेचरांची पैदास आता उत्तरेत हिसार, बाबूगढ येथे होते.

भीमथडी मात्र संपली नाही. धनगरांनी ती आपल्या वाड्यांबरोबर सांभाळली. संसार, कोकरे आणि कोंबड्या पाठीवर घेऊन ती घोडी आजही पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागांत चालताना दिसतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातील घोड्यांची ही आठवी नोंदलेली जात. लष्कराने नाकारलेले जनावर मेंढपाळांनी जगवले, ही गोष्ट आम्हाला फार समाधानाची वाटते.

घोडेबाजार पाहायची इच्छा असलेल्यांसाठी दोन ठिकाणे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला मोठा बाजार भरतो, पण ते आपल्याला लांब पडते. जवळचे म्हणजे नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातले माळेगाव. येथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा सुरू होते आणि घोडे, गाढवे, उंट, कुत्री यांचा बाजार अनेक दिवस चालतो. आदिलाबादहून किनवट, मुदखेडमार्गे रेल्वेने नांदेड आणि तेथून लातूर रस्त्याने लोह्यापुढे माळेगाव, असा प्रवास आहे. मुक्कामाची सोय नांदेडलाच करावी, यात्रेत जागा मिळत नाही. चांगली जनावरे पहिल्या दोन दिवसांतच विकली जातात, म्हणून पालखीच्या दिवशीच पोहोचावे. सकाळी घोड्यांची चाल दाखवतात, ती चुकवू नये.